झाकण काढायचं नाही

माझी मुलगी माझ्या जावेला आई म्हणते आणि मला मम्मी. दोन्हीचा अर्थ एकच, असं लोक मला समजावतात. समजावणाऱ्यांच्या तोंडात साखर पडो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

यात कुणाची चूक नाही, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी जावेला नावं ठेवायला नको. नवरा रसायनीला कारखान्यात कामाला होता. एका पहाटे झोपेतच गेला. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. मी कर्जतच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होते. दोन वर्षांनी परदेशात म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचं काम मिळालं आणि मी मुलीला खालापूरकडच्या सासरी, दीर-जावेच्या घरी ठेवून स्कॉटलंडला गेले. एक वर्ष म्हणून गेले, चार झाली. जावेला दोन मुलगे. ते तिला आई म्हणायचे, तर हीपण म्हणायला लागली. सात वर्षांचं पोर, ते काय डोकं लावणार! मी फोनवर ऐकायचे आणि गप्प बसायचे. इतक्या लांबून कुणाला काय बोलणार?

परत आले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मी कर्जतला दोन खोल्यांचं घर घेतलं. तिच्यासाठी खिडकीजवळ टेबल घेतलं, टेबलावर दिवा. जूनपासून ती माझ्याकडे राहणार, इथल्या शाळेत जाणार, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. पण दीर म्हणाला, "वयनी, पोरीला ओढू नको. दर शनवारी मी आणून सोडतो, रैवारी नेतो. तिचं तिला ठरवू दे. नाताळापर्यंत सांगंल ती."

मला काय, वाटलं दोन शनिवारांत होईल काम. आई आहे मी तिची. कसलं काय!

पहिल्या शनिवारी डाळ केली. एक घास खाऊन म्हणाली, "आईची अशी नाय होत." दुसऱ्या शनिवारी तांदळाची भाकरी. "आईची फुगते." तिसऱ्या शनिवारी वालाचं बिरडं, रात्रभर भिजवून, मोड आणून, एकेक वाल सोलून. तिने चमच्याने दोनदा इकडून तिकडे केलं. "आई याच्यात गूळ घालते," म्हणाली. वाईट बोलत नव्हती ती, नुसतं सांगत होती, आज मंगळवार आहे असं सांगावं तसं. पण माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "मग जा तुझ्या आईकडे!"

तर ती खरंच उठली आणि चपला घालायला लागली. दाराशी जाऊन मला तिला धरून आणावं लागलं. रडलो दोघीही, पण एकमेकींकडे पाठ करून.

त्या रात्री पडल्या पडल्या मनात आलं, की असं काहीतरी करावं जे जावेला येतच नाही. ज्याला दुसरा नमुनाच नाही असं. आणि मला ती म्हातारी आठवली.

तिथे मी सकाळ-संध्याकाळ घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करायचे. त्यात ही एक होती. समुद्राकाठच्या गावात एकटी राहायची. चाकाच्या खुर्चीत बसून मला हुकूम सोडायची. माझ्याइतकीच तापट, म्हणून आमचं जमलं असेल. दर सोमवारी तिला स्टोव्हीज लागायचं. म्हणजे काय, तर बटाटे, कांदा आणि सॉसेज. एकेकाळी म्हणे रविवारच्या मोठ्या जेवणातलं उरलेलं मटण त्यात घालायचे. पण एकट्या बाईच्या घरी कसलं मोठं जेवण आणि काय उरणार? म्हणून सॉसेज.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, अगं बाई, ही तर आजाऱ्याची भाजी! ना हळद, ना तिखट, ना फोडणी. जाड बुडाच्या पातेल्यात चरबी वितळवायची, कांदा मऊ करायचा, वर बटाटे. काही पातळ कापायचे, ते विरघळतात. काही जाड, ते राहतात. मध्ये सॉसेजचे तुकडे, मीठ, मिरपूड, पेलाभर पाणी. मग घट्ट झाकण आणि गॅस अगदी बारीक. त्यानंतर तासभर हात लावायचा नाही. हलवायचं नाही. झाकणसुद्धा काढायचं नाही.

हे मला काही केल्या जमायचं नाही. आपल्याकडे बाई गॅससमोर उभी असते ती हलवायलाच. तळाला लागल्याचा वास आला की माझा हात आपोआप पुढे जायचा आणि ती खुर्चीतून हातावर फटका मारायची. म्हणायची, तळाला लागलंच पाहिजे, त्यातच सगळी चव आहे, तू तिकडे जाऊन बस. मी आपली खिडकीशी जाऊन बसायचे. पुढे पुढे सवय झाली. गॅस लावायचा आणि आपण दुसऱ्या खोलीत.

तिचे हात थरथरायचे, म्हणून मी भरवायचे. तिची मुलगी गाडीने तासभर अंतरावर राहायची. दर रविवारी दुपारी यायची, दोन तास बसायची, जायची. रविवारी म्हातारी सकाळपासून गळ्यात मोत्यांची माळ घालून खिडकीशी. मुलीची गाडी वळली की मला म्हणायची, आज बरी वाटली ना ती? मी जावेला फोनवर सांगायचे, "बघ बाई, एकुलती एक मुलगी आणि आठवड्यातनं दोन तास! आपल्याकडं असं नसतं." जाऊ म्हणायची, "नाय तर काय, ताई." आणि मागे माझी मुलगी तिला हाका मारत असायची.

म्हातारी गेल्या थंडीत गेली. शेवटचे काही दिवस स्टोव्हीजही खाल्लं नाही तिने. असो.

तर चौथ्या शनिवारी मी स्टोव्हीज करायला घेतलं. फार्महाउसवाल्यांसाठी रस्त्यावर एक मोठं दुकान झालंय, तिथे फ्रीजरमध्ये चिकनचे सॉसेज मिळाले. चरबी मटणवाल्याकडून आणली. तो म्हणाला, "मॅडम, आज नुसती चरबीच?" आणि कसंतरीच हसला. दुकानात एरवी शनिवारी गर्दी असते, त्या दिवशी मी एकटीच होते. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. मी आपली खुशीत. बटाटे कापताना गुणगुणतसुद्धा होते.

ती आली तेव्हा पातेलं नुकतंच उतरवलं होतं. सगळ्या घरात वास. मी तिला दारातच म्हटलं, "ओळख बघू काय केलंय! तुझ्या आईने जन्मात केलं नसेल."

तिने चपला काढल्या, पण आत आली नाही. नाकाला हात लावून उंबऱ्यात उभी राहिली. "मटण हाय?"

"सॉसेज. चिकनचे."

"मम्मी, मार्गशीर्ष चालू हाय ना."

माझा हात तसाच राहिला, पातेल्याच्या कानावर. भिंतीवर कालनिर्णय लटकत होतं. मी त्याच्यावर रोज दूधवाल्याची खूण करत होते. तारखा बघितल्या होत्या, महिना बघितला नव्हता. चार वर्षं माझा महिना ड्यूटीच्या तक्त्यावर चालला, त्यात कसला मार्गशीर्ष आणि कसला श्रावण! पण इथे अख्ख्या गावात महिनाभर मटण शिजत नाही, गुरुवारी घरोघरी लक्ष्मीचा घट बसतो, आणि मी, याच मातीतली बाई, पातेलंभर सॉसेज करून उभी.

"आज गुरुवार थोडीच आहे?" मी म्हटलं. उगीच. उत्तर मला माहीत होतं.

"आमी पूर्ण महिना पाळतो. आणि कहाणी मीच वाचते. वाचणाऱ्याने तर नायच खायचं."

"तुझ्या आईने शिकवलंय वाटतं हे?" मी फणकारले. जीभ माझी, तिला हाड नाही.

"नाय. तूच बोललीस. फोनवर. पहिल्या वर्षी. मला अंडं पायजे होतं म्हणून मी रडत होते, तर तू बोललीस, काकी सांगंल तसं कर, तिला त्रास देऊ नको, मी येईपर्यंत तिचंच ऐकायचं." आणि वर म्हणाली, "मग मी ऐकते."

मला ते बोललेलं आठवतही नव्हतं. कामावरून कामावर जाताना, बसथांब्यावर उभी राहून बोलले असेन. आपण काहीतरी बोलून फोन ठेवतो आणि पोर चार वर्षं त्याप्रमाणे वागतं. मला इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे बघू शकले नाही. पातेल्यावर झाकण ठेवलं, ते नेऊन मागच्या बाल्कनीत ठेवलं, सगळ्या खिडक्या उघडल्या, ओटा दोनदा साबणाने धुतला. ती उंबऱ्यातच उभी होती.

"ये आता," मी म्हटलं. "भूक लागलीय का?"

"लागली."

म्हातारी सांगायची, घरात मटण नसलं की त्यांच्याकडे नुसते कांदे-बटाटेच शिजवायचे, आणि त्याला म्हणायचे अनवाणी स्टोव्हीज. तिच्या लहानपणी आठवड्यातले पाच दिवस अनवाणीच असायचं. मुलीला हे सांगितलं, तर तिला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलं. "अनवाणी बटाटे!" म्हणाली आणि ओट्याजवळ आली.

"त्या पातेल्यात नको हां."

"नाही गं बाई. हे बघ, कोरं आहे." दुधासाठी आणलेलं जाड बुडाचं पातेलं होतं, कंपनीचा कागदही निघाला नव्हता. तिने नखाने तो खरवडून काढला. चरबीच्या जागी साजूक तूप घातलं. बटाटे तिने कापले, काही पातळ, काही जाड. झाकण सैल बसत होतं, म्हणून मी वर ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतलं, आपण भाजीला ठेवतो तसं.

"आता?"

"आता काही नाही. तासभर झाकण काढायचं नाही."

आम्ही दोघी स्वयंपाकघरातच फरशीवर बसलो, भिंतीला टेकून. बाहेर कुठल्यातरी फार्महाउसवर गाणी लागली होती. तिने विचारलं, "ती आजी हेच खायची?"

"हेच. दर सोमवारी."

"स्वतःच्या हाताने?"

"नाही, हात थरथरायचे तिचे. मी भरवायचे."

"रोज?"

"रोज."

ती ताटलीतल्या पाण्याकडे बघत राहिली. पाण्यातून वाफ निघायला लागली होती. "मला डेंगू झालेला तेव्हा आईने भरवलेलं," ती म्हणाली. "तू तेव्हा व्हिडिओ कॉलवर होतीस. तू बोलत होतीस, आ कर, आ कर. आणि आई घास घालत होती."

एखादीने कांगावा केला असता तर मी तोंड तरी वाजवलं असतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी म्हटलं, "हो." दुसऱ्याच्या आईला भरवायला मी पाच हजार मैल गेले आणि माझ्या पोरीच्या तोंडात घास जावेने घातला. हे खरं आहे. याला कुठलं झाकण घालणार?

तासाने उघडलं. पातळ बटाटे विरघळून जाड बटाट्यांना लगडले होते. तळाला सोनेरी खरपूड धरली होती. ताटात वाढलं, सोबत बिटाची कोशिंबीर. म्हातारीला व्हिनेगरमधलं बीट लागायचं, मी लिंबू पिळलं. मुलीने एक घास खाल्ला. मी श्वास धरून बसले होते. दुसरा खाल्ला. तिसरा. मग पातेलं ओढून उलथन्याने तळ खरवडायला लागली.

"कसं आहे?"

"हे कुणासारखंच नाय," ती म्हणाली.

काय सांगू तुम्हाला! चार वर्षांत मला कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. त्या रात्री ती माझ्याकडे तोंड करून झोपली. मी अंधारात मनातल्या मनात जूनची तयारी करत होते. दप्तर, गणवेश, सकाळचा डबा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली दिराच्या गाडीचा हॉर्न वाजला. ती दप्तर भरत होती. दुपारी तिच्याच सांगण्यावरून मी पुन्हा अनवाणी बटाटे केले होते, त्यातले उरले होते. "हे आईला नेऊ?" तिने विचारलं. "तिने कधी खाल्लं नाय."

मी स्टीलचा डबा काढला. भरताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू? पण भरला. खरपूडही घातली. ती पायात चपला सरकवताना म्हणाली, "मम्मी, मी तिकडंच राहते. शाळेलापण. शनवारी येईन ना मी. दर शनवारी."

"का गं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने जरा विचार केला. "तिकडं माझं सगळं हाय," म्हणाली. मग मला वाईट वाटू नये म्हणून असेल, "तुझं टेबल चांगलं हाय पण."

हॉर्न पुन्हा वाजला. मी डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि तो तिच्या हातात दिला. खिडकीतून पाहिलं. काकाच्या मागे बसली, डबा मांडीत धरून. गाडी चौकाच्या रस्त्याला वळली. मी माझ्याच गळ्याला हात लावून पाहिला. मोत्यांची माळ नव्हती, एवढाच काय तो फरक.

बाल्कनीतलं सॉसेजवालं पातेलं मी तीन दिवस एकटीने खाल्लं. टाकवलं नाही. गरम करायचे, खायचे, आणि मनात त्या बाईची माफी मागायचे, ती रविवारी दोन तास येणारी. तिची बाजू मी कधी विचारली होती?

पुढच्या शनिवारी मुलगी आली ती डबा घेऊनच. डबा जड होता. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, जाऊ तर त्यात पक्की. मला वाटलं लाडू असतील. उघडला, तर आत बटाटे. पातळ आणि जाड. पण वर मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि चिमूटभर हळद.

"आईने केलं," मुलगी म्हणाली. "मी सांगितलं तसं. थोडं तिचं तिने घातलं."

मी एक फोड तोंडात टाकली. चांगलं झालं होतं, दळभद्रं! तिचं सगळंच चांगलं होतं. एक गोष्ट माझी म्हणून उरली होती, तीही सात दिवस टिकली नाही. विचारायचं नाही असं ठरवूनही मी विचारलं, "कुणाचं जास्त चांगलं?"

"आईचं," ती म्हणाली. पोरगी खोटं बोलत नाही, बापावर गेली आहे. "पण तिचं खाली खरपूस नाय होत. तू कर ना आज. दोनी खाऊया."

मी पातेलं चढवलं. तूप, कांदा, बटाटे, मीठ, पाणी. झाकण, वर ताटली. गॅस बारीक. ती माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

"आईचं का होत नाय माहितीय?" ती म्हणाली. "तिला राहवत नाय. मी सांगितलं, तासभर बघायचं नाय, तरी सारखी जाऊन झाकण काढते. हलवते. बोलते, लागलं तर? करपलं तर?" मग माझ्याकडे बघून, अगदी कौतुकाने म्हणाली, "तुला बरं जमतं. ठेवलं की तू बघतच नायस."

गॅसचा बारीक आवाज येत होता. ताटलीतलं पाणी अजून गार होतं, पाच मिनिटंही झाली नव्हती. मी उठले, ताटली बाजूला केली आणि झाकण काढलं.

"मम्मी! अगं काय करतेस? बिघडेल ना!"

"बिघडू दे," मी म्हटलं. "मलाही राहवत नाही गं."

तासाभरात मी पाच वेळा झाकण काढलं. बटाट्यांचा पार गिचका झाला, खरपूड धरलीच नाही. आम्ही दोघींनी तोच खाल्ला.